काकाकुव्याला ‘नको’ म्हणू द्या

पत्र :

आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाकडे पांढरा काकाकुवा होता. ज्या आजोबांनी तो हौसेने आणला ते चार वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून त्याचा पिंजरा मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी पडून होता. ते कुटुंब परगावी निघाले तेव्हा कायमचे घर मिळेपर्यंत आम्ही सांभाळतो, असे म्हणून त्याला आणले. आता तीन आठवडे झाले. वय अठराच्या आसपास असावे. छाती आणि मांड्या उघड्या पडल्या आहेत. सूर्यफुलाच्या बिया आणि चहात बुडवलेली पोळी याखेरीज तो काही खात नाही. पाणी बदलायला हात घातला की फिस्कारतो. एकदा माझे बोट चांगलेच फोडले. तिन्हीसांजेला असा ओरडतो की सोसायटीत तक्रार गेली आहे. सासूबाई म्हणतात, टॉवेल टाकून दोन-चार वेळा धरला की आपोआप माणसाळेल. गंमत म्हणजे, नववीतल्या माझ्या मुलीपुढे तो गेल्या आठवड्यापासून मान झुकवतो आणि ती त्याला कुशीत घेऊन तासन्‌तास बसते. त्याचा विश्वास कसा मिळवावा? आणि पुढे दुसऱ्याच्या हवाली करायचाच असेल, तर लळा लावावा का? सोबत छायाचित्रे पाठवत आहे.

– एक वाचक, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक अवघड आहे आणि पहिल्याचे उत्तरही बरेचसे त्याच्यावर अवलंबून आहे. परंतु त्याकडे वळण्याआधी दोन कामे उरकायला हवीत.

पहिले काम कागदपत्रांचे, आणि त्याला मुदत आहे. काकाकुवा परदेशी पक्षी असल्यामुळे तो पाळणे आपल्याकडे गुन्हा नाही (आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे मात्र गुन्हा आहे, हे अजूनही कित्येक घरांच्या गावी नसते). तथापि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने, ज्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे त्यांची एक स्वतंत्र चौथी अनुसूची केली. पांढरा काकाकुवा तिच्यात येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते आणि नव्याने ताबा घेणाऱ्याला त्यासाठी ३० दिवस मिळतात. तुमचे तीन आठवडे उलटले आहेत, तेव्हा आधीच्या कुटुंबाने नोंदणी केली होती का, ते आजच फोन करून विचारा. केली नसेल तर घाबरून गप्प बसू नका. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन पक्षी कोणाकडून, केव्हा आणि का आला हे लेखी द्या. पुढे तो दुसऱ्या घरी जाईल तेव्हा त्या हस्तांतराचीही नोंद करावी लागेल.

दुसरे काम पशुवैद्याचे. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर या पक्ष्याला हात लावायला कचरतात आणि ते रास्तच आहे. परदेशी पक्षी नियमितपणे तपासणारे डॉक्टर मुंबई-ठाणे परिसरात मिळतात, तेच शोधा. पिसे गेलेला पक्षी दिसला की ‘एकटेपणामुळे उपटतो’ असे निदान शेजारीपाजारीसुद्धा देतात. परंतु यकृताचे विकार, जस्ताची विषबाधा, त्वचेचा संसर्ग आणि चोच व पिसांचा तो कुप्रसिद्ध विषाणूजन्य आजार यांतही पिसे जातात. तुमच्या छायाचित्रांत एक दिलासा देणारी गोष्ट दिसते : डोक्यावरची पिसे आणि तुरा शाबूत आहेत. स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे, उपटणाऱ्या पक्ष्याचे डोके नेहमी भरलेले राहते. विषाणूचा आजार असता तर डोक्यावरची पिसेही सहसा खराब झालेली दिसली असती. शिवाय या जातीची काळी चोच निरोगी अवस्थेत अंगावरच्या पावडरीने राखाडी दिसते, तशी ती तुमच्याकडे दिसते आहे. ती चकचकीत काळी झाली असती तर मला अधिक काळजी वाटली असती. असे असले तरी छायाचित्रावरून निदान होत नाही, रक्ताची तपासणी करून घ्याच. तपासणीचा निकाल येईपर्यंत घरात दुसरा पक्षी आणू नका, आणि घरातल्या कोणालाही ताप व कोरडा खोकला आला तर आपल्या डॉक्टरांना घरात काकाकुवा असल्याचे आवर्जून सांगा, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक संसर्ग एरवी सहज नजरेतून सुटतो.

याच भेटीत आणखी एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही त्याला ‘तो’ म्हणता, पण जवळून घेतलेल्या छायाचित्रात डोळ्याचे कडे तांबूस तपकिरी आहे. या जातीच्या प्रौढ नराचे डोळे बहुधा काळेभोर असतात आणि मादीचे तांबूस. खात्री डीएनए चाचणीनेच होईल. तोवर मीही ‘तो’ असेच लिहिते. ही मादी असण्याची शक्यता पुढच्या एका मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे.

आता विश्वासाविषयी. सासूबाईंचा अनुभव वासरांचा किंवा मांजरांचा असेल, तर त्यांचा सल्ला कुठून आला हे समजू शकते. पण काकाकुव्याच्या बाबतीत तो सर्वांत वाईट सल्ला ठरेल. टॉवेलात गुंडाळणे डॉक्टरांच्या टेबलावर कधी कधी अपरिहार्य असते, घरात माणसाळवण्यासाठी ते करू नये. असा धरलेला पक्षी काही दिवसांनी निमूटपणे बसू लागतो, यात शंका नाही, परंतु सुटण्याचा मार्ग नाही हे कळल्यामुळे तो गप्प झालेला असतो आणि त्याला आपण विश्वास समजतो. तुमच्या पक्ष्याने चार वर्षे गॅलरीत काढली. त्या काळात त्याच्या कोणत्याही हालचालीचा कोणावरही परिणाम झाला नाही. ओरडला तरी तेच, गप्प राहिला तरी तेच. आता त्याला पुन्हा हे शिकायचे आहे की आपण काही म्हटले तर समोरचा माणूस ऐकतो. आणि त्याचे पहिले म्हणणे ‘नको’ हेच असणार. ते ‘नको’ ज्या दिवशी तुम्ही मान्य कराल त्या दिवसापासून त्याला चावण्याचे कारण उरणार नाही.

तुमचे बोट फुटले तेव्हा त्याआधीच्या दोन-तीन क्षणांत काय घडले होते ते आठवून पाहा. काकाकुवा एकाएकी क्वचितच चावतो. आधी अंगावरची पिसे घट्ट चिकटवून तो बारीक होतो, दांडीवर मागे सरकतो, तुरा ताडकन उभा करतो. मग डोलत फिस्कारतो, चोच किंचित उघडी ठेवतो. आणि या सगळ्याकडे दुर्लक्ष झाले तरच चोच चालवतो. याउलट तुरा मागे पडलेला, एक पाय पोटाशी घेतलेला, गालांवरची पिसे पुढे येऊन चोचीची खालची बाजू झाकलेली आणि चोच चोचीवर हलकेच घासल्याचा कुरकुर आवाज, ही निवांतपणाची लक्षणे आहेत. केवळ तुऱ्यावरून मात्र अंदाज बांधू नका, कारण आनंदाने आणि भीतीने तो सारखाच उभा राहतो. उरलेले शरीर काय सांगते ते बघावे लागते. पहिला आठवडाभर त्याच्याकडून कसलीही अपेक्षा न ठेवता हे सारे नुसते बघा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या घराला ही वही फार उपयोगी पडेल.

त्यानंतरचा क्रम मी असा ठेवीन. पाण्याची आणि खाण्याची भांडी बाहेरून बदलता येतील अशी करून घ्या, म्हणजे दिवसातून दोनदा होणारी ही चकमक टळेल. सूर्यफुलाच्या बिया रोजच्या भांड्यातून हळूहळू कमी करून त्यांचा खाऊ करा. पिंजऱ्याजवळून जाताना त्याच्याकडे टक न लावता एक बी भांड्यात टाका आणि पुढे निघून जा. तुम्ही येणे म्हणजे काहीतरी चांगले होणे आणि मग तुम्ही जाणे, एवढेच त्याला कळू द्या. तुम्हाला पाहून तो मागे न सरकता भांड्याकडे येऊ लागला, की सळ्यांमधून एक लांब लाकडी काडी धरा (चायनीजबरोबर येणारी काडी उत्तम). काडीच्या टोकाला चोच लावली की लगेच ‘छान’ हा एकच शब्द आणि एक बी. दोन-चार दिवसांत तो काडीच्या मागे दांडीभर चालू लागेल, आणि त्या चालण्यातून तुम्हाला तो पिंजऱ्याबाहेर, वजनकाट्यावर, प्रवासाच्या पेटीत असा कुठेही नेता येईल, एकदाही न धरता. ही शिकवणी चार-पाच मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि तो स्वतःहून पाठ फिरवेल तर तिथेच थांबा. हात सर्वांत शेवटी येतो. हातावर चढवण्यासाठी पोटाला बोट लावून ढकलण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, ती विसरा. हात थोड्या अंतरावर स्थिर धरा, पलीकडे काडी दाखवा आणि चढायचे की नाही ते त्याला ठरवू द्या.

आता मुलीचा प्रश्न, आणि इथे मला थोडे कठोर व्हावे लागेल. काकाकुव्याने मान झुकवणे म्हणजे डोके खाजव असे सांगणे, आणि ते त्याने तिला सांगितले हे तिच्या शांत स्वभावाचे यश आहे. परंतु तासन्‌तास कुशीत घेणे आजच थांबवा. पाठीवरून, पंखांखालून आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवणे हे पक्ष्याच्या दृष्टीने लाड नसून जोडीदाराची चाहूल असते. त्यातून प्रजननाची संप्रेरके जागी होतात. मग तो अन्न ओकून भरवू पाहतो, तिच्याजवळ येणाऱ्या दुसऱ्या माणसावर धावून जातो, ती शाळेत गेली की किंचाळतो आणि उरलीसुरली पिसे उपटतो. मादी असेल तर ती जोडीदाराशिवायही अंडी घालू शकते, आणि निकस आहारावर वाढलेल्या मादीच्या पोटात अंडे अडकले तर ते जिवावर बेतते. पांढऱ्या काकाकुव्यांत गुदद्वाराचा भाग बाहेर येण्याचा जो त्रास आढळतो त्याचा संबंधही या अति कुरवाळण्याशी जोडला जातो. तेव्हा स्पर्श फक्त डोके आणि मान इतकाच, तोही थोडा वेळ, आणि मध्येच हात काढून घेऊन, तो पुन्हा मान पुढे करतो का ते बघून. मुलीला वाईट वाटेल. तिच्याकडे काडीची शिकवणी सोपवा; त्यात दोघांचेही डोके चालेल.

डोके चालणे ही या पक्ष्याची गरज आहे. व्हिएन्नामधील संशोधकांकडे असलेल्या फिगारो नावाच्या गॉफिन जातीच्या काकाकुव्याने, कोणी न शिकवता, लाकडी तुळईतून लांब कपची सोलून काढून जाळीबाहेरचा दाणा आत ओढून घेतल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. असे डोके असलेल्या जिवाला भरलेले भांडे आणि रिकामा दिवस दिला तर तो स्वतःच्याच अंगावर उद्योग शोधतो. पेरूची फांदी सालीसकट द्या, सोलायचे मक्याचे कणीस द्या, नारळाच्या करवंटीत दाणे लपवून वर कागदाचा बोळा कोंबा, जुन्या वहीच्या कागदात पुड्या बांधा. पहिल्या दिवशी तो पुडीलाच घाबरेल, म्हणून ती आधी पिंजऱ्याबाहेर त्याला दिसेल अशी ठेवा आणि त्याच्यासमोर तुम्ही स्वतः उघडून दाखवा. फाडण्याचा कचरा रोज होईल. तो व्हायलाच हवा.

पिसांबाबत मात्र मनाची तयारी ठेवा. वर्षानुवर्षे उपटलेल्या जागी पिसांची मुळे मेलेली असू शकतात आणि आनंदी झालेला पक्षीही छातीवर उघडाच राहू शकतो. पिसे आली नाहीत म्हणजे तुम्ही कमी पडलात असे नव्हे. कडुलिंबाचे तेल, हळद वगैरे काहीही लावू नका. साध्या कोमट पाण्याचा बारीक फवारा, त्याला आवडत असेल तर, पुरेसा आहे. त्याने कातडी किंवा मांस कुरतडलेले दिसले तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठा. या फवाऱ्याचा तुम्हालाही फायदा आहे : या पक्ष्याच्या अंगावरून सतत पांढरी भुकटी झडते, ती घरात कोणाला दमा असल्यास त्रासदायक ठरते. पिंजऱ्याखालची जमीन कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

तिन्हीसांजेच्या ओरडण्याचे मूळ त्याच्या जंगली आयुष्यात आहे. हा पक्षी इंडोनेशियातल्या हाल्माहेरा आणि आसपासच्या बेटांवरचा. अंधार पडण्याआधी झाडावर गोळा होताना हे पक्षी एकमेकांना मोठ्याने हाका मारतात. ती हाक पूर्ण बंद करता येत नाही आणि तसे कोणी आश्वासन दिले तर विश्वास ठेवू नका. पण ती दहा-पंधरा मिनिटांवर आणता येते. ओरडताना कोणी धावत गेले, रागावले किंवा पिंजऱ्यावर चादर टाकली, तर तेही उत्तरच झाले. त्याऐवजी त्याने दिवसभरात काढलेल्या एखाद्या हलक्या आवाजाला किंवा शिट्टीला घरातल्या प्रत्येकाने, स्वयंपाकघरातूनसुद्धा, तशीच शिट्टी देऊन उत्तर द्यावे. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी सगळ्यांत अवघड पुडी द्या, म्हणजे चोच कामात राहील. आणि त्याला झोप द्या. हाल्माहेरा विषुववृत्तावर असल्यामुळे तिथे बाराही महिने रात्र जवळजवळ बारा तासांची असते. ठाण्यातल्या दिवाणखान्यात टीव्हीच्या उजेडात त्याला सहा तास मिळत असतील, तर चिडचिड होणारच. रात्रीपुरता पिंजरा अंधाऱ्या, शांत खोलीत हलवा. सोसायटीच्या सचिवांना स्वतः जाऊन भेटा, पक्षी कुठून आला आणि तुम्ही काय करत आहात ते सांगा. तक्रारीला लेखी उत्तर देण्यापेक्षा याने अधिक काम होते.

आहाराबद्दल थोडक्यात : चहा आजपासून बंद, कारण त्यातले कॅफीन पक्ष्याला घातक आहे. चॉकलेट, कांदा-लसूण, खारे पदार्थ आणि ॲव्होकॅडो कधीही नको. बियांवरून मात्र त्याला एकदम उठवू नका. अठरा वर्षे बिया खाल्लेला पक्षी समोर ठेवलेले गाजर अन्न म्हणून ओळखतच नाही आणि उपाशी बसतो. मोड आलेले मूग-मटकी हा मधला टप्पा चांगला, कारण ते दिसतात बीसारखे. पुढे किसलेले गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पाने, पालेभाजी आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या पक्ष्यांच्या खाद्यगोळ्या. घरातल्या सर्वांनी जेवताना त्याच्या नजरेसमोर हीच भाजी कच्ची खाऊन दाखवली तर अर्धे काम होते, हा उपाय हास्यास्पद वाटला तरी करून पाहा. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. निरोगी पांढरा काकाकुवा साधारणपणे ५०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो, पण आकड्यापेक्षा घट महत्त्वाची. दहा टक्के घटले तर आहारबदल थांबवून डॉक्टरांना फोन करा.

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे, तर नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणारा, आपल्याला जाणवतही नाही असा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. तवा बदला. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल आणि अंगावर मारायचे स्प्रे त्याच्या खोलीत नकोत. छायाचित्रातला पिंजरा जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा दिसतो आणि तो मुलामा दोन ठिकाणी चावून उडालेला आहे. असा पिंजरा घ्या ज्यात त्याला दोन्ही पंख पूर्ण पसरता येतील आणि ज्याचा धातू तो कुरतडला तरी पोटात विष जाणार नाही. खर्च मोठा आहे, पण पिंजरा पक्ष्याबरोबर पुढच्या घरी जाईल.

लळा लावावा का? लावावा, पण तुमच्या एकट्याचा किंवा मुलीचा नको. काकाकुवे दीर्घायुषी असतात. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ साली गेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. कुकीची जात वेगळी होती आणि इतके आयुष्य अपवादानेच मिळते, हे खरे, परंतु अठरा वर्षांच्या तुमच्या पक्ष्यापुढे अजून कित्येक वर्षे आहेत आणि पुढचे घर हे त्याचे शेवटचे घर असेलच असे नाही. ज्याने एकाच माणसाला जग मानले त्याचे दर स्थलांतराला सगळेच जाते. आजोबा गेल्यावर बहुधा हेच झाले. म्हणून खाऊ घरातल्या सगळ्यांनी द्यावा, सासूबाईंनीसुद्धा. पाहुण्यांनी एखादी बी भांड्यात टाकावी. काडीची खूण, शिट्टी आणि ‘छान’ हा शब्द सगळ्यांचा एकच असावा. दिवसातला काही वेळ त्याने एकट्याने, पुडी फोडत, आनंदाने घालवायला शिकणे हेही तितकेच आवश्यक आहे. आणि आज तुम्ही जेवढा वेळ देऊ शकता तेवढाच द्या. सुट्टी आहे म्हणून दिवसभर खांद्यावर घेऊन फिरलात, तर सुट्टी संपल्यावर तो जे ओरडेल ते तुमच्याच दिलेल्या सवयीमुळे असेल.

नवे घर निवडताना ‘आम्हाला पक्षी फार आवडतात’ या वाक्यावर जाऊ नका. घरात दिवसभर कोण असते, शेजारी भिंतीला भिंत लागून आहेत का, आधीचा पक्षी कशाने गेला आणि आपल्या पश्चात याला कोण बघेल, एवढे विचारा. पक्षी हवाली करण्याआधी त्या माणसांना चार-पाच वेळा तुमच्या घरी बोलवा आणि काडी त्यांच्या हातात द्या. शेवटच्या भेटीत तो त्यांच्या काडीमागे आपणहून प्रवासाच्या पेटीत शिरला तर नोंदणीच्या अर्जाबरोबर ती वहीही देऊन टाका. नाही शिरला, तर त्यांना पुढच्या रविवारी पुन्हा यायला सांगा.